फौजेतले भत्ते मुलाच्या पोटगीत धरायचे की नाही?

शिरीषफूल
बहिणीच्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली. नऊ वर्षांचा मुलगा तिच्याकडे असतो, त्याचे वडील जवान आहेत. पोटगी ठरली तेव्हा त्यांचं पोस्टिंग पीसला, म्हणजे शांत भागात होतं. आता ते सियाचीनला आहेत, आणि तिथल्या जवानांना नि जेसीओंना (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) २०१७ मध्ये महिन्याला ३०,००० रुपये भत्ता ठरला होता. बहीण म्हणते, मुलासाठी वाढवून मागू. आमचे बाबा म्हणतात, जिवावर उदार होऊन मिळवलेल्या पैशावर डोळा ठेवू नये. मला बहिणीचं पटतं. बाप जे कमावतो त्यात मुलाचा वाटा असतो, त्या रकमेला पगार म्हणा नाहीतर भत्ता. वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

माजी सुभेदार
ताई, तुमच्या बाबांचं बरोबर आहे. मी ग्लेशियरवर राहून आलोय. तिथे भूक मरते, झोप लागत नाही, आणि खाली आल्यावरही शरीर लवकर जाग्यावर येत नाही. तो भत्ता म्हणजे त्या झिजेची भरपाई आहे. शिवाय माणूस खाली उतरला की भत्ता बंद. कोर्टाने वाढवलेली रक्कम मात्र आपोआप उतरत नाही. मग पीसला आल्यावर त्याने ती कुठून भरायची? मिलिटरी सर्व्हिस पे खुशाल धरा. जवानाला ते ५,२०० रुपये पोस्टिंग कुठेही असलं तरी मिळतात. जे कायम मिळतं त्यावर मुलाचा हक्क, एवढंच माझं म्हणणं.

माळरान
सुभेदार साहेब, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण फौजेचा स्वतःचा नियम तुमच्या बाजूने नाही. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २८ मुळे दिवाणी कोर्टाला सैनिकाच्या पगार-भत्त्यांवर जप्ती आणता येत नाही. म्हणून बायकामुलांसाठी कपात करण्याचा अधिकार त्याच कायद्याने फौजेकडे दिलाय: अधिकाऱ्यांसाठी कलम ९०, बाकीच्यांसाठी ९१. २००१ च्या आर्मी ऑर्डरमध्ये मर्यादाही आहे. पत्नीला २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला ५.५, सगळे मिळून ३३ च्या वर नाही. आणि हे टक्के 'पगार आणि भत्ते' यांच्यावर मोजतात, नुसत्या मूळ पगारावर नाही.

आता हिशेब करा. ३०,००० च्या ५.५ टक्के म्हणजे १,६५० रुपये. बाकी २८,३५० त्या जवानाकडेच राहतात. भत्ता थांबला की हे १,६५० पण थांबतात.

माजी सुभेदार
टक्क्यांत असेल तर माझी हरकत नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. पण कोर्ट बहुतेक वेळा ठोक रक्कम लिहितं. परिस्थिती बदलली की रक्कम कमी-जास्त करून घेता येते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४६), पण त्यासाठी वकील हवा, तारखा हव्यात. फील्डमधल्या पोराने प्रत्येक तारखेला सुट्टी कुठून आणायची? बायको तालुक्याच्या कोर्टात सहज जाते, तो नाही जाऊ शकत.

ओवी
'सहज' म्हणू नका साहेब. तारखेच्या दिवशी माझा रोज बुडतो आणि मुलीला शेजारी ठेवावं लागतं. मुलगी माझ्याकडे, पण तिच्या नावाचा शिक्षण भत्ता वडिलांच्या खात्यात जमा होतो. जानेवारी २०२४ पासून तो महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे आहे. फी मी भरते. शाळेचा दाखला मी रांगेत उभी राहून काढते आणि पाठवते, कारण मुलगी शाळेत असल्याच्या पुराव्याशिवाय त्यांना तो भत्ता मागता येत नाही. सियाचीनवर वाद घालताय, पण जो भत्ता मुलाच्या नावानेच मिळतो तो मुलापर्यंत पोचतोय का, हे आधी बघा.

आणि पे स्लिपवरचा शेवटचा आकडा खरा धरू नका. प्रॉव्हिडंट फंडात स्वतःहून जास्त वर्गणी टाकली की हातात येणारी रक्कम छोटी दिसते. ती बचत आहे, खर्च नव्हे.

माळरान
ओवीताईंचं शंभर टक्के बरोबर. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी देणं सक्तीचं केलं. पूर्ण पे स्लिपा तिथे मागून घ्या, म्हणजे कुठला भत्ता कायमचा नि कुठला पोस्टिंगपुरता हे कागदावरच दिसेल.

शिरीषफूल
सियाचीनबद्दल माझं मत तेच आहे, पण सुभेदार साहेबांचं ठोक रकमेबद्दलचं म्हणणं पटलं. आज बहिणीला विचारलं तर कळलं, शाळेचा दाखला तीही दर वर्षी पाठवते आणि तो कशासाठी मागतात हे तिला माहीतच नव्हतं. पहिला अर्ज त्या शिक्षण भत्त्याचाच करतोय. बाबांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, ''ते पैसे पोराचेच आहेत, ते मागा.''