भामिनीला मान, नाच्याला टोमणे. असं का?

पदर_खोचून: बालगंधर्वांनी संगीत नाटकांत भामिनी, रुक्मिणी, सिंधू या नायिका रंगवल्या. घरंदाज बायका त्यांचं बघून साड्या नेसू लागल्या, अंबाड्यात फुलं माळू लागल्या. १९६४ साली पद्मभूषण मिळालं, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं.

कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या, म्हणजे बायकी ढंगाने हसवणारा पुरुष, रंगवला. मान मुरडून, लाडिक हेल काढून ते "आत्ता गं बया" म्हणाले की थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. पण पडदा पडल्यावरही लोकांनी त्यांना नाच्याच ठेवलं. बायकामुलं असलेल्या माणसाच्या पुरुषपणावर शेरे मारले, घरच्यांनाही ते सोसावं लागलं. दोघेही पुरुषच, दोघांचीही कला बायकी ढंगाची. मला तरी यात प्रेक्षकांची जात आणि ऐपत दिसते. शालू नेसलेलं सोंग पूज्य, फडावरचं हिणकस.

नाट्यवेडा: अजिबात पटलं नाही. बालगंधर्वांना मान मिळाला तो गळ्यासाठी. गायक भास्करबुवा बखल्यांची तालीम होती त्यामागे! ते नायिका करायचे, नाच्या हे हसवणारं पात्र. आणि पात्र व माणूस यांची गल्लत प्रेक्षक नेहमीच करतो. निळू फुल्यांना बायका खरोखरीचा खलनायक समजून शिव्या द्यायच्या. त्यात जात कुठे आली?

पदर_खोचून: निळूभाऊंचा लोकांना राग यायचा. गणपतरावांना लोकांनी हिणवलं. रागात माणसाची पत शाबूत राहते, हिणवण्यात तीच जाते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाजूक चालीच्या पोराला आजही 'नाच्या' म्हणूनच चिडवतात. 'बालगंधर्व' म्हणून चिडवलेलं कुणी ऐकलंय?

कृष्णाकाठ: ताई, चिडवण्याचं खरंय, पण बालगंधर्वांना तरी कुठे सोडलं? गोहरबाई कर्नाटकींबरोबर संसार मांडला तेव्हा याच घरंदाज चाहत्यांनी नाकं मुरडली. बाई मुसलमान, त्यात गाणारी. उतारवयात पाय गेले, हलाखी आली, तेव्हा त्यांचं सगळं केलं ते या गोहरबाईंनीच. त्यांच्याबद्दल आजही लोक चांगलं बोलत नाहीत, याची मला चीड येते.

नाट्यवेडा: गोहरबाईंवर अन्याय झाला, शंभर टक्के मान्य. पण मग ताईंची विभागणीच टिकत नाही. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने स्वतःच्या लाडक्यालाही माफ केलं नाही. आणि नाच्याला हसणाऱ्या गर्दीत तमाशाचा खेड्यातला प्रेक्षकही होताच की. त्याचं काय करायचं, ते सांगा.