मदत हवी आहे: इलिनॉयच्या कन्सील्ड कॅरी परवान्याचे १६ तास पूर्ण झाले, पण पिस्तूल हाताळण्याचा पुढचा सराव कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात किराणा मालाचे दुकान चालवतो. रात्री दुकान बंद करून दिवसभराची रोकड घेऊन एकट्यानेच निघावे लागते, म्हणून पुष्कळ विचार करून आणि पत्नीशी बोलून, कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचे ठरवले. फॉइड कार्ड (बंदूक बाळगण्यासाठी इलिनॉयमध्ये लागणारे राज्याचे ओळखपत्र) आधीपासून आहे, प्रशिक्षणही गेल्या महिन्यात पूर्ण झाले. अर्ज मात्र अजून केलेला नाही, कारण वर्गाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली.

इतर राज्यांतील वाचकांसाठी थोडे सांगतो. इलिनॉयमध्ये हा कायदा २०१३ साली आला. त्यानुसार १६ तासांचे प्रशिक्षण लागते आणि शेवटी ५, ७ व १० यार्डांवरून प्रत्येकी १० अशा ३० गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. त्यांतील ७० टक्के, म्हणजे २१ गोळ्या लक्ष्यावर लागल्या की उत्तीर्ण. शेजारच्या इंडियानात १ जुलै २०२२ पासून परवानाच लागत नाही, त्या मानाने आमचा नियम कडक म्हणायला हवा.

माझ्या २७ गोळ्या लागल्या. चूक झाली ती त्याआधीच्या सरावात. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) काडतुसे शिल्लक असतानाच ‘सीझ फायर’चा, म्हणजे गोळीबार थांबवण्याचा, पुकारा झाला आणि सर्वांनी पिस्तुले रिकामी करायची होती. मी आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढली, एक काडतूस बाहेर उडाले. मग मॅगझिन काढले आणि ‘रिकामे आहे’ असे सांगितले. प्रशिक्षकांनी शांतपणे स्लाइड पुन्हा ओढायला लावली, तेव्हा चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतून) दुसरे काडतूस निघून टेबलावर घरंगळत गेले. मॅगझिन आत असताना मी स्लाइड ओढली होती, त्यामुळे पुढे जाताना तिने वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये नेले होते. हा क्रम आदल्याच दिवशी मी वहीत लिहून घेतला होता, तरीही पुकारा ऐकताच हात उलटे चालले.

धोकादायक हाताळणी करणाऱ्याला प्रमाणपत्र नाकारण्याचा अधिकार प्रशिक्षकाला असतो. माझी नळी सतत लक्ष्याकडे होती आणि बोट ट्रिगरपासून दूर होते, म्हणून त्यांनी माझ्याकडून पिस्तूल दहा वेळा रिकामे करून घेतले आणि नंतरच परीक्षेला उभे केले. परंतु माझ्या पिस्तुलाचे भाग साफसफाईसाठी सुटे करताना आधी ट्रिगर दाबावाच लागतो. हीच चूक घरी स्वयंपाकघरातील टेबलावर झाली असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. घरात आठ वर्षांची मुलगी आहे.

त्यातच माझा दिनक्रम असा की मुलीला शाळेतून आणणे, ग्रंथालय, मग दुकान. शाळा व सार्वजनिक ग्रंथालय ही दोन्ही ठिकाणे निषिद्ध, म्हणजे गाडीत पिस्तूल काढून कुलपात ठेवणे आणि पुन्हा लावणे दिवसातून दोन-तीनदा आले. जाणकारांनी कृपया सांगावे: ही रोजची काढ-घाल सुरक्षितपणे कशी करावी, घरी सराव कसा करावा, आणि अर्ज करण्यापूर्वी आणखी किती शिकावे?

प्रतिसाद

आपण अर्ज थांबवलात हे योग्य केलेत. मी काही वर्षे नवशिक्यांना रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) शिकवतो आणि आपण सांगितलेली चूक मी बऱ्याच जणांच्या हातून होताना पाहिली आहे. मॅगझिन आधी काढायचे, ते खिशात किंवा बाजूला ठेवायचे, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळी घालून चाचपायचे. ही प्रत्येक पायरी तोंडाने मोठ्याने म्हणा. घाईत मेंदू पायरी गाळतो, पण म्हणण्याची सवय लागलेली जीभ तिथे अडखळते.

रोजच्या काढ-घालीबद्दल माझे मत ठाम आहे: पिस्तूल होल्स्टरमधून (पट्ट्याला लावायच्या म्यानातून) काढूच नका. ट्रिगर पूर्ण झाकणारे, न दबणारे, कडक होल्स्टर घ्या आणि ते पिस्तुलासकट पट्ट्यावरून काढून गाडीला पक्क्या बसवलेल्या पेटीत ठेवा. ती बाहेरून दिसता कामा नये. घरी आल्यावरही तसेच, थेट तिजोरीत. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा भरत राहिल्यास त्यातील गोळी हळूहळू आत दबते आणि झाडताना दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

घरच्या सरावासाठी डमी काडतुसे वापरा आणि खरी काडतुसे त्या खोलीतसुद्धा ठेवू नका. इथल्या घरांच्या लाकडी चौकटीच्या, जिप्समच्या भिंतींतून ९ मिलिमीटरची गोळी सहज आरपार जाते, म्हणून नळी तळघरातील, बाहेरून मातीचा आधार असलेल्या काँक्रीटच्या भिंतीकडेच असू द्या. मुलगी घरात असताना सराव नकोच. सराव संपला की तसे मोठ्याने म्हणून उठा, कारण ‘आणखी एकदाच’ करताना अपघात होतात.

रेंजवर सोबतीला एच-१बी व्हिसावरील एखादा मित्र नेणार असाल तर जपा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता संघराज्याच्या कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

मनापासून आभार. होल्स्टरसकट काढण्याची गोष्ट वर्गात कोणी सांगितली नव्हती. तिजोरी आज मागवली आहे आणि पुढचे दोन महिने दर शनिवारी रेंजवर प्रशिक्षकासोबत केवळ भरणे, रिकामे करणे आणि होल्स्टरमध्ये ठेवणे एवढेच करणार आहे, अर्ज त्यानंतर. एक शंका उरते. हिवाळ्यात जाड जॅकेट असते आणि त्याच्या कमरेच्या दोरीची गाठ नेमकी होल्स्टरच्या तोंडाशी येते. पिस्तूल परत ठेवताना ती ट्रिगरमध्ये अडकण्याची मला भीती वाटते. दोरी कापून टाकावी, की इथल्या थंडीत कोणी वेगळा उपाय केला आहे?