मदत हवी आहे: जम्बो घ्यावी की ड्रेडनॉटच बरी?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं ड्रेडनॉट (रुंद कंबरेची, चौकोनी अंगाची अकूस्टिक गिटार) वाजवतेय. आता सॉलिड टॉपची (वरची फळी अखंड लाकडाची असलेली) नवी गिटार घ्यायचीय आणि जम्बोवर, म्हणजे त्याहून मोठ्या, गोलसर गिटारवर जीव जडलाय.

मी स्वतःच्याच गाण्याला साथ करते, निम्मं स्ट्रमिंग, निम्मं बोटांनी. ड्रेडनॉटचा खर्ज भरदार आहे, पिकने वाजवलं की एकेक स्वर ठसठशीत येतो. पण जोरात स्ट्रमिंग केलं की माझा आवाज त्याखाली दबतो. रविवारी दुकानात जम्बो वाजवून पाहिली. एवढी मोठी, तरी खर्ज गढूळ नाही! सगळ्या तारा सारख्या उठत होत्या, वरच्या तारांना सुंदर चमक होती. बोटांनी हळू वाजवताना मात्र ती जागीच होईना. तारा जुन्या होत्या म्हणून, की एवढा रुंद टॉप हलवायला जोरच लागतो?

दुसरी अडचण शरीराची. ड्रेडनॉट खाली साधारण १५¾ इंच रुंद, जम्बो १७ च्या आसपास. माझी उंची ५ फूट १ इंच. जम्बोची कंबर बारीक असल्याने ती मांडीवर छान बसली, ड्रेडनॉटसारखी घसरली नाही. पण २० मिनिटांत उजवा खांदा भरून आला.

रोज तासभर जम्बो वाजवणाऱ्यांनी कृपया सांगा, खांद्याला सवय होते का? बसूनही पट्टा लावल्याने फरक पडतो का? ११ गेजच्या (जरा बारीक) तारा लावल्या तर बोटांना ती लवकर साथ देईल का?

आणि पुण्यात दोन्ही शेजारी ठेवून निवांत वाजवू देणारं दुकान माहीत असेल तर नक्की कळवा.