रिपोर्ट रुग्णालाच द्या, पण समजावणारं माणूसही द्या

तपासणीचा रिपोर्ट आधी फक्त डॉक्टरांकडे जावा, रुग्णाच्या हाती देऊ नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पाकीट मुलाच्या हाती देऊन 'आईंना एवढ्यात सांगू नका' म्हणायची पद्धत अजून आहेच. तिच्याच छातीतली गाठ तिला सगळ्यांच्या शेवटी कळावी, हा अन्याय आहे.

अडचण मधल्या वेळेची आहे. पीडीएफ संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येते, डॉक्टर भेटतात परवा. तोवर घरात नुसतं गूगल. मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रेत) 'बाय-रॅड्स ४' (फोटोत दिसलेलं किती संशयास्पद आहे, ते सांगणारा आकडा) दिसलं की कॅन्सरची चौथी स्टेज समजून रडारड झालेली मी पाहिली आहे. प्रत्यक्षात हा आकडा स्टेज सांगतच नाही. ४ म्हणजे बायोप्सी करून, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासून, खात्री करा. कॅन्सरची शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, ४ए (४ मधला सगळ्यात कमी संशयाचा गट) असेल तर १० टक्क्यांपर्यंतच. आणि ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी लागेल.

म्हणून तपासणी लिहून देतानाच डॉक्टरांना विचारा: रिपोर्ट कधी येईल, कोण समजावेल, गंभीर काही निघालं तर फोन कोण करेल? जमल्यास अपॉइंटमेंट त्याच दिवशीची घ्या. जुन्या फिल्म, सीडी सोबत न्या, तुलनेला लागतात.