ठोके चुकायलेत, आधी ईसीजी का आधी मॅग्नेशियम?

सेलूकर: आमचे अण्णा, वय 64, दीड महिन्यापासून म्हणायलेत छातीत फडफड होती. मी नाडी धरून बघितली तर एक ठोका जवळ एक लांब, तालच नाही. बीपीची गोळी चालू हाय. कुणीतरी सांगितलं म्हणून मॅग्नेशियमची गोळी आन सकाळी अर्जुनसालीचा काढा सुरू केला, दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतेत कापूस वेचून होऊ दे. माझं म्हणणं एवढंच, ठोके कशामुळं चुकायलेत तेच माहीत नाही तर काढा कशावर प्यायचा?

उदगीरकर: मला नाही पटत. मला बी तीन वर्षाखाली असंच झालतं, ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), 24 तासाचं होल्टर (अंगाला मशीन लावून ठोके नोंदवायचं) सगळं केलं, पैसे गेले आन शेवटी काय तर "टेन्शन घेऊ नका". मंग चहा कमी केला, मॅग्नेशियम घेतलं, आराम पडला. अर्जुनसाल तर आपल्या आज्या-पणज्यापासून चालत आली.

सेलूकर: भाऊ, पण तुमचं आधी तपासून झालतं ना! मधेच एखादा जादा ठोका पडणं बऱ्याचदा निरुपद्रवी असतंय, तुमचं तसं निघालं. पण एट्रियल फिब्रिलेशन असलं तर हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतेत, रक्त साचून गुठळी होती आन ती मेंदूत गेली की लकवा. धोका साधारण पाचपट. माझ्या चुलत्याची उजवी बाजू अशीच गेली, ॲडमिट केल्यावर पहिल्यांदा कळालं की ठोके बिघडलेले होते. दोन वर्षं झाली, अजून हातानं घास घेता येत नाही त्यांना.

नांदेडची सिस्टर: वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. गुठळी अडवायला रक्त पातळ करायची गोळी लागते, ती कोणाला द्यायची ते वय, बीपी, शुगर बघून डॉक्टर ठरवतात, मॅग्नेशियम ते काम करत नाही. अण्णांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन नाहीतर रामिप्रिल असेल आणि वरून कुणी पोटॅशियमची पावडर दिली तर पोटॅशियम वाढून ठोके आणखी बिघडतात, किडनी कमजोर असेल तर जास्तच, मॅग्नेशियमसुद्धा किडनीवाटेच बाहेर जातं. फिश ऑइलच्या मोठ्या डोसनं तर हेच फिब्रिलेशन वाढू शकतं. ईसीजीसोबत रक्ताच्या तपासण्या, म्हणजे थायरॉइड, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) करून घ्या.

उदगीरकर: गुठळीचं मला ठाऊक नव्हतं, खरं सांगतो. पण ताई, खेड्यातला माणूस हौसेनं काढा पीत नाही. एक दिवसाची मजुरी बुडती, गाडीभाडं जातं, आन तिथं गेल्यावर फडफड बंद झालेली असती, ईसीजी नॉर्मल! मंग घरचे म्हणतेत नाटक करायलाय.

नांदेडची सिस्टर: हे मात्र अगदी खरं आहे दादा, हे रोज बघते मी. म्हणूनच फडफड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजीची कागदी पट्टी काढून घ्यायची आणि ती पट्टी जपून ठेवायची, पुढच्या डॉक्टरला तीच कामाला येते. चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर मात्र वाट बघू नका, 108 लावा.

सेलूकर: आत्ताच अण्णाशी बोललो. काढ्यावरून भांडलो नाही. म्हणलं काढ्याचा पुडा, गोळीचा डबा, बीपीची पट्टी सगळं पिशवीत घ्या, डॉक्टरला दाखवू. कापूस आईनं आन मावशीनं वेचायचा ठरलाय, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायलोत.