उशिराच्या प्रोजेक्टवर बेंचवरची (सध्या प्रोजेक्ट नसलेली) तीन माणसं देतायत, घेऊ का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत यंदाच टीम लीड झाले आहे. न्यू जर्सीच्या एका आरोग्य विमा कंपनीची क्लेम्सची जुनी सिस्टीम आम्ही नव्याने लिहितोय. टीममध्ये मला धरून सात जण. क्लायंटकडे डिसेंबरच्या मध्याला कोड फ्रीझ (कोडमधल्या बदलांवर बंदी) लागतो, तो थेट जानेवारीत उठतो. त्याआधी यूएटी (क्लायंटने स्वतः करायची चाचणी) उरकायला हवी. आता सप्टेंबर संपत आलाय, मध्ये दिवाळी आहे आणि आम्ही महिनाभर मागे आहोत.

डिलिव्हरी मॅनेजर म्हणतात, "बेंचवर तिघे बसलेत, घेऊन टाक. पण तारीख हलणार नाही." तिघेही जावावाले, एक-दोन वर्षांचा अनुभव, विम्याचा गंध कुणालाच नाही. नको म्हणावं तर "माणसं देत होतो, हिनेच घेतली नाहीत" हे कायमचं चिकटणार. घ्यावीत तर त्यांना शिकवणार कोण? डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी रुग्णाने भरायची रक्कम), को-पे (दर भेटीला रुग्णाने भरायचा वाटा), वर्षाची कमाल मर्यादा हे सगळे नियम नीट माहीत असलेला टीममध्ये एकच जण आहे, सगळे पुल रिक्वेस्ट (लिहिलेला कोड मुख्य कोडात घेण्याच्या विनंत्या) त्याच्याचकडे रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, जातात, आणि त्याने गेल्या आठवड्यात पेपर टाकलेत (राजीनामा दिलाय). नव्वद दिवसांची नोटीस आहे म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तरी हाताशी आहे.

अशा वेळी काय करता तुम्ही? (नोकरी बदल हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज मिळतो.)

प्रतिसाद १

फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावरून १९७५ साली त्यांनी लिहिलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीरही वाढतो. सात जणांत बोलाचालीच्या जोड्या २१ होतात, दहा जणांत ४५. पण हे विधान फार ढोबळ आहे असं ब्रूक्सनीच तिथे म्हटलंय, त्यामुळे मॅनेजरपुढे नुसता नियम ठेवलात तर ते पुस्तकी म्हणून उडवून लावतील. घरचे आकडे काढा. टीममध्ये शेवटी आलेल्या माणसाला लॅपटॉप, व्हीपीएन, क्लायंटचे अ‍ॅक्सेस मिळून त्याचं पहिलं टिकेट (नेमून दिलेलं एक काम) मर्ज व्हायला, म्हणजे मुख्य कोडात जायला, किती वेळ गेला? टिकेटांच्या बोर्डावर सापडेल ते.

प्रतिसाद २

मी उलट सांगेन, घ्या. फक्त कोडवर बसवू नका.

जुनी सिस्टीम अजून चालू आहे ना? मग जुने, निकाल लागलेले क्लेम्स नव्या सिस्टीममधून चालवायचे आणि दोन्हीकडच्या रकमा ताडून बघायच्या. त्याला सुरुवातीला विमा कळावा लागत नाही. रक्कम जुळली नाही की नोंद करायची, बस. स्क्रिप्ट जावावाला पोरगा सहज लिहील. डेटा मात्र रुग्णांची नावगावं काढून टाकलेलाच घ्या, अमेरिकेत रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्यासाठी हिपाचा कायदा आहे आणि क्लायंट त्या बाबतीत अजिबात ऐकून घेत नाही. यूएटीत जे फटके बसणार असतात त्यातले बरेच या ताडून बघण्यात आधीच सापडतात, आणि महिनाभर हेच केलं की तिघांनाही क्लेम्स आपोआप समजू लागतात.

केटी (जाणाऱ्याकडून काम समजून घेणं) मात्र नव्यांना नको. जुन्यांपैकी दोघांना त्या जाणाऱ्या माणसाच्या शेजारी बसवा. पीपीटी आणि रेकॉर्डिंग पुन्हा कुणी उघडत नाही. त्याने नियम सांगायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे त्याची टेस्ट केस लिहायची.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. बोर्ड बघितला. शेवटच्या माणसाचं पहिलं टिकेट मर्ज व्हायला महिनाभर गेला, त्यातला बराचसा अ‍ॅक्सेसची वाट बघण्यात. उघडी टिकेटं २८, आठवड्याला सरासरी ७ बंद होतात. त्या २८ पैकी ११ नुसती रिव्ह्यूसाठी पडलीत.

प्रतिसाद ३

हे ११ आधी सांगायचं होतं हो! कोड लिहायला माणसं कमी पडतायत असं यात कुठे दिसतंय? काम रिव्ह्यूपाशी तुंबलंय.

लिटलचा नियम लावा, १९६१चा आहे, रांगांच्या गणितातला. २८ भागिले ७, म्हणजे हातात घेतलेलं टिकेट बाहेर पडायला सरासरी चार आठवडे. तिघांनी आणखी कोड लिहिला तर त्याच एका माणसापुढची रांग वाढेल, आठवड्याला बंद होणार ७च. उद्यापासून पैशाचा हिशेब असलेला कोड तेवढा त्याच्याकडे पाठवा. स्क्रीन, रिपोर्ट, लॉगिंग असलं सगळं बाकीच्यांनी एकमेकांचं बघायचं. रिव्ह्यूत पाचपेक्षा जास्त टिकेटं साठली तर नवीन उचलायचं नाही, आधी साठलेली बघायची. पोरं कुरकुरतील, "मी मोकळा बसू का?" म्हणतील. रिव्ह्यू करा म्हणायचं.

एवढं करूनही महिन्याची पिछाडी सगळी भरून निघेल असं मला वाटत नाही. डिसेंबरला काय नसलं तरी चालेल, हे क्लायंटच्या प्रॉडक्ट ओनरला (काय हवं, काय नको हे ठरवणाऱ्याला) आत्ताच विचारा. अशा प्रोजेक्टांत दोन-चार रिपोर्ट असे असतातच जे जुन्यात होते म्हणून नव्यात मागितलेले असतात, उघडून कुणी बघत नाही. हे बोलणं ऑक्टोबरातच उरका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, तुमचा संध्याकाळचा साडेसातचा कॉल साडेआठला सरकतो आणि त्या वेळी कुणाचंच डोकं चालत नाही.

धागाकर्ती

मॅनेजरना असं सांगायचं ठरवतेय: तिघांना घेते, पण रकमा ताडण्याच्या कामावर. अ‍ॅक्सेसची विनंती आजच जाऊ दे. रिव्ह्यूची वाटणी बदलतेय, दोन आठवड्यांनी ७चा आकडा हलला का ते दाखवते. आणि सहा रिपोर्ट जानेवारीवर टाकायची परवानगी हवी. ही यादी क्लायंटच्या कॉलवर काढू की आधी मॅनेजरना दाखवू?

प्रतिसाद २

आधी मॅनेजरना, आणि तेही एकट्यांना गाठून. क्लायंटसमोर त्यांना पहिल्यांदा कळलं तर यादी चांगली असूनही ते अडवतील. आणि सहा नको, आठ लिहा. दोन ते परत घालायला लावतीलच.