सत्तर हजारांचं एमबीए की एक लाख ऐंशी हजारांचं?

साखळीची बाय:
नमस्कार. मी गोव्यातल्या साखळीची, बी.कॉम., वय २७. कळंगुटला एका हॉटेलात अकाउंट्स बघते. सकाळी सातची बस, म्हापशाला बदलायची, परत घरी पोचेपर्यंत साडेसात. पगार २४ हजार. असिस्टंट मॅनेजरच्या जागेला पदव्युत्तर पदवी लागेल, असं जीएमनी (जनरल मॅनेजरनी) स्पष्ट सांगितलंय.

जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आमच्या घरापासून जवळच, पर्येला. पण नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायला जाणं घरच्या परिस्थितीत शक्य नाही. समोर दोन पर्याय आहेत. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, घरी बसून करायचं एमबीए, परीक्षा फी धरून सत्तर हजारांच्या आत-बाहेर. दुसरं एका खाजगी विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए, १ लाख ८० हजार, महिना ७,५०० प्रमाणे २४ बिनव्याजी हप्ते. बाबा म्हणतात, स्वस्तातलं घेऊन उपयोग काय? त्यांना काय सांगू?

कुंडईवाला:
ताई, मी कुंडईला औषध कंपनीत पॅकिंग सुपरवायझर होतो, आता प्लॅनिंगला आहे. इग्नूतून एमबीए केलं, साडेतीन वर्षं लागली. त्याआधी मात्र हप्त्यांच्या भानगडीत चांगलाच पोळलो, ते आधी सांगतो.

एका संस्थेच्या काउन्सेलरचा फोन आला. आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे म्हणाली. मी जेवायला बसलो होतो. डाव्या हाताने मोबाईल धरला आणि आलेला ओटीपी वाचून दाखवला. तो ओटीपी कर्जाचा होता. फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम संस्थेला देऊन टाकली आणि कर्ज माझ्या नावावर चढलं. तीन महिन्यांत लक्षात आलं की नुसते जुने व्हिडिओ आहेत, आणि शेवटी हातात पडणार ते सर्टिफिकेट, पदवी नाही. मी शिकणं सोडलं, पण हप्ते काही सुटले नाहीत. अठरा महिने भरत बसलो. तेव्हा ७,५०० चा करार कुणाशी होतोय, विद्यापीठाशी की फायनान्स कंपनीशी, हे कागदावर बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नकोस.

दुसरं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, साइटवर ते विद्यापीठ शोध. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसून भागत नाही. एमबीएला, ऑनलाइन पद्धतीला आणि तू प्रवेश घेणार त्याच सत्राला मान्यता आहे का ते बघ. ती असेल तर २०२२ च्या यूजीसीच्या खुलाशाप्रमाणे पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच. इग्नूलाही तेच लागू.

आता दर्जाचं. इग्नूची पुस्तकं कोरडी आहेत, हे खरं. एका सत्राला सात विषय, प्रत्येकाची असाइनमेंट. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी यायचो आणि जेवणाच्या टेबलावर लिहीत बसायचो. बायको माशांची ताटली बाजूला सारून कागदांना जागा करून द्यायची. पण साठा नियंत्रणाचा धडा वाचला आणि दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन कार्टन मोजले. ४५ दिवस पुरेल एवढा माल पडून होता. मागणीचे आकडे काढून साहेबांना कागद दाखवला, तीन महिन्यांत आम्ही तो २० दिवसांवर आणला. मला प्लॅनिंगला घेतलं ते त्या कागदामुळे. अर्थात पदवी नसती तर अर्जच पुढे गेला नसता.

तुझ्यासाठी एक खास अडचण आहे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. डिसेंबरला कळंगुटच्या हॉटेलात तुला रजा कोण देणार? जास्त पेपर जूनला, पावसाळ्यात ठेव. चार वर्षांपर्यंत मुदत असते, दोन वर्षांतच उरकायची घाई करू नकोस.

पर्वरी एचआर:
मी हॉटेलच्याच एचआरमध्ये आहे. अंतर्गत बढतीसाठी आम्ही पदवी मान्यताप्राप्त आहे का, एवढंच तपासतो. फी किती भरली ते कुणी विचारत नाही. मात्र मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीत उडी मारायची असेल, तर या दोन्हींपैकी कशानेही कॅम्पससारखी नोकरी दारात येत नाही. तसं आश्वासन फोनवर मिळालं असेल तर लेखी मागा. आणखी एक. ऑनलाइन परीक्षा कॅमेऱ्यासमोर होते. साखळीला पावसात वीज गेली तर काय, ते आधीच विचारून ठेवा.

साखळीची बाय:
दादा, ताई, खूप आभार. आज दुपारी जीएमना मेल केला, कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालेल असं लेखी उत्तर आलं. काउन्सेलरला कराराचा कागद मागितला, तर ‘आधी सीट बुक करा’ म्हणाली. मी नाही म्हटलं.

बाबांना कार्टनची गोष्ट वाचून दाखवली. आमच्या हॉटेलात लिनन धुलाईच्या बिलांत दर महिन्याला फरक येतो, त्याच्यावर असं काही करता येईल का, हे तेच विचारायला लागले. प्रवेशाला डीईबी आयडी लागतो म्हणे, त्यासाठी आज रात्री डिजिलॉकरवर एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक क्रेडिट खात्याचा नंबर) काढायला बसतेय. दादा, लेखाशास्त्राच्या असाइनमेंटला अडले तर इथेच विचारीन.